पेन्शन बसेपर्यंत

‘आधी पेन्शन बसू दे, मग काय शिकायचे ते शीक.’ सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या फौजी घरांत सुट्टीवर आलेल्या मुलाला हा सल्ला इतक्या सवयीने दिला जातो की त्यात एक मोठा निर्णय दडलेला आहे, हे देणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. सल्ला मूर्खपणाचा मुळीच नाही. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. अठराव्या वर्षी भरती झालेल्याची ती तेहेतिसाव्या वर्षी पुरी होते, आणि कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष सेवेची ठरलेली मुदत, संपवून घरी येईपर्यंत बहुतेकांनी पस्तिशी गाठलेली असते. सेवेच्या तेराव्या वर्षी कोणी स्वतःहून डिस्चार्ज घेतला, तर हातात काही एकरकमी पैसे पडतात, पण दरमहा येणारे आणि पुढे पत्नीलाही आधार देणारे निवृत्तिवेतन कायमचे जाते. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक फौजी एवढेच उत्पन्न आहे, तिथे या रकमेची बरोबरी कोणती पदवी करणार, असे वडीलधारे विचारतात, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देणे पदवी देणाऱ्यांनाही जड जाते.

मी त्या पदवी देणाऱ्यांपैकी आहे. ग्रामीण भागातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे कामही काही वर्षे पाहिले आहे. अशा केंद्रात फौजी विद्यार्थी सहसा स्वतः दिसत नाही; दिसतात त्याचे वडील, धाकटा भाऊ, नाहीतर कडेवर मूल घेतलेली पत्नी. पुस्तके तेच घेऊन जातात, शुल्क तेच भरतात, आणि परीक्षेचे वेळापत्रक लागले की फोनवरून तेच युनिटला कळवतात. नायक हुद्द्यावरच्या एका जवानाने कला शाखेला नाव घातले तेव्हा तो सीमेवर होता. पहिल्या सत्राला रजा मंजूर झाली आणि ऐन वेळी युनिट हलले. दुसऱ्या सत्राला तो आला, दोन पेपर दिले आणि तिसऱ्याच्या आधी रजा संपली. पुढच्या वर्षी बहिणीचे लग्न निघाले आणि रजा तिकडे गेली. चौथ्या वर्षी तो केंद्रावर भेटायला आला तेव्हा नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, ‘सर, नोकरी सोडली तर डिग्री मिळेल, पण डिग्री मिळाल्यावर शोधायची ती नोकरीच ना?’

या प्रश्नाला मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आज जे उत्तर द्यावेसे वाटते, ते त्या नायकाला उद्देशून कमी आणि ज्यांनी त्याच्यापुढे हा प्रश्न असा मांडून ठेवला त्यांना उद्देशून अधिक आहे. फौजेत राहावे की शिकायला बाहेर पडावे, ही जवानाच्या मनातली घालमेल आपण त्याची खासगी बाब समजतो. त्याची जिद्द कमी पडली, घरच्यांनी समजून घेतले नाही, वेळेचे नियोजन जमले नाही, अशी कारणे आपण सहज सांगतो. माझे म्हणणे असे की ही ‘एक तर हे, नाहीतर ते’ अशी निवड नियमांनी घडवलेली आहे, आणि नियमांनी घडवलेली गोष्ट नियमांनी मोडताही येते.

तरी आज ज्याला निर्णय घ्यायचा आहे, तो नियम बदलण्याची वाट पाहत बसू शकत नाही, म्हणून आधी त्याच्यापुरते बोलतो. सेवेची दहा वर्षे ओलांडलेल्या जवानाने शिक्षणासाठी फौज सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या पाच वर्षांचा पगार तर त्याला मिळतोच, शिवाय त्या पाच वर्षांत तो आयुष्यभराचे निवृत्तिवेतन आणि माजी सैनिक या दर्जामुळे मिळणाऱ्या सवलती पक्क्या करतो. तिशीत घेतलेली कोणतीही साधी पदवी हे नुकसान भरून काढत नाही. ज्याची सेवा अजून थोडीच झाली आहे, त्या जवानाचे गणित वेगळे आहे. त्याच्यापाशी काळ आहे, गमावण्यासारखे साठलेले थोडे आहे, आणि एखाद्या ठरावीक अभ्यासक्रमात त्याला खरोखर गती असेल, तर बाहेर पडण्याचा विचार वेडेपणाचा ठरत नाही. मात्र बाहेर पडणेही त्याच्या हातात नाही. भरतीच्या वेळी त्याने ठरावीक वर्षांचा करार केलेला असतो, आणि मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून मुक्त व्हायचे, तर वरिष्ठांची मंजुरी लागते. ‘पुढे शिकायचे आहे’ हे कारण त्यासाठी किती वजनदार ठरेल, याचा अंदाज कोणत्याही फौजीला आहे. तेव्हा ज्याला आपण निवड म्हणतो तिच्या दोन दारांपैकी एक आतून उघडतच नाही.

आणखी एक गोष्ट जवानाने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासायला हवी. ‘मला शिकायचे आहे’ असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा त्याला शिकायचे असते की स्पर्धा परीक्षा द्यायची असते? महाराष्ट्रात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ झाली आहे की पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आठ वर्षे बसलेल्या मुलाबद्दलही आई गावात ‘तो शिकतोय’ असेच सांगते. फौज सोडून एमपीएससीच्या तयारीला लागणे हा एका सरकारी नोकरीतून दुसऱ्या सरकारी नोकरीकडे जाण्याचा प्रयत्न आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण त्याला शिक्षण म्हणू नये, कारण त्याचे मोजमाप निराळे आहे. परीक्षा निघाली नाही तर हातात काहीच उरत नाही; याउलट शेतीशास्त्र, परिचर्या, यंत्रदुरुस्ती किंवा हिशेबतपासणी शिकलेल्या माणसाजवळ नोकरी लागो न लागो, एक विद्या राहते. हातातली नोकरी सोडायची तर अशा विद्येसाठी सोडावी. भरवशासाठी सोडू नये, कारण तो त्याच्याजवळ आधीच आहे.

आता नियमांकडे येतो. सैन्यातला अधिकारी आणि जवान यांच्यात शिक्षणाच्या बाबतीत किती अंतर आहे, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर दाखल झालेला छात्र तीन वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी असते. प्रशिक्षण आणि पदवी एकाच वेळी, सरकारी खर्चाने पुरी होते. पुढे त्याला दोन वर्षांपर्यंत अभ्यासरजा मिळू शकते, आणि सेवेच्या अखेरीस पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनेतून भारतीय व्यवस्थापन संस्थांमधील अभ्यासक्रमही त्याच्यासाठी असतात. जवान मात्र दहावीवर येतो आणि बऱ्याचदा दहावीवरच परततो. त्याच्या रजेच्या हिशेबात वार्षिक ६० दिवस आणि नैमित्तिक ३० दिवस असतात. दिसायला हे ९० दिवस भरपूर वाटतात, पण त्यांत पेरणी, लग्ने, आजारपणे, घराचे बांधकाम आणि दोन दिवस जायला, दोन यायला, असे सगळे बसवायचे असते. परीक्षेसाठी त्यांत वेगळा कप्पा नाही. जवानाला अधिकारी होण्याचा मार्ग आहे, हे खरे. देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजात निवड झाली तर तोही पदवी घेऊन भारतीय सैनिकी अकादमीत जातो. पण तिथल्या जागा मोजक्या आणि वयाची मर्यादा २७ वर्षांची आहे. हजारो जवानांच्या शिक्षणाची सोय म्हणून त्या मार्गाकडे बोट दाखवणे म्हणजे गावात विहीर नसताना दूरची गंगा दाखवण्यासारखे आहे.

सरकारला जवानाच्या अशिक्षितपणाची जाणीव नाही असे नाही. उलट तिची सोय कागदावर फार चतुराईने केलेली आहे. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १५ वर्षे सेवा केलेला दहावी उत्तीर्ण माजी सैनिक गट ‘क’ मधल्या राखीव पदांसाठी पदवीधरासारखाच पात्र धरला जातो, अट मुख्यतः ही की त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव आवश्यक नसावा. अर्ज भरण्यापुरता तो पदवीधर होतो. पण हाच माणूस पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मागायला आमच्याकडे आला, तर आम्ही त्याला पदवीची गुणपत्रिका मागतो. पंधरा वर्षांत नकाशावाचन, संदेशवहन, वाहनांची देखभाल, प्रथमोपचार, भांडारांचा हिशेब, माणसे सांभाळणे यांपैकी जे काही तो शिकला, त्याचे मूल्य सरकारच्या एका खात्याला पदवीइतके वाटते आणि विद्यापीठाला शून्य वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

मुलांच्या बाबतीत मात्र सरकारचा हात सढळ आहे. माजी सैनिकांची मुले आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे; तिच्यात मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशांत सैनिक आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. या सगळ्याचे स्वागतच आहे. पण या योजना एकापुढे एक ठेवून वाचल्या की जाणवते, बाप लढेल आणि मुलगा शिकेल, अशी वाटणी आपण मनाशी कधीच करून टाकली आहे. लढणारा स्वतः विद्यार्थी असू शकतो, ही शक्यताच त्यांत कुठे दिसत नाही.

साताऱ्याच्या संदर्भात तर हे अधिकच खटकते. आपशिंगे या गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द लागला, तो पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तिथल्या ४६ जणांमुळे. त्याच जिल्ह्यात, ते महायुद्ध संपल्यावर वर्षभरातच, १९१९ मध्ये काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे केले. काम करणाऱ्या गरीब मुलाने शिकण्यासाठी काम सोडण्याची गरज नाही, शाळेनेच काम आणि अभ्यास यांची सांगड घालावी, हा त्यामागचा विचार होता. ज्या जिल्ह्याने हा विचार देशाला दिला, त्याच जिल्ह्यातून फौजेत जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो शंभर वर्षांत आला नाही.

नोकरी सोडून शिकायला जाण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरणही सैन्याशीच जोडलेले आहे, याचा उल्लेख क्वचित होतो. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे पुत्र भीमराव बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत गेले, आणि तिथे त्यांना संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंटची जागा मिळाली. फेब्रुवारीत वडील वारले. जूनमध्ये संस्थानाशी करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. या घटनेकडे आपण एका असामान्य माणसाच्या ज्ञानतृष्णेची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण तो करार नीट पाहावा. सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली, आणि मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची अट घातली. म्हणजे सेवा आणि शिक्षण यांतून एक निवडा, असे संस्थान म्हणाले नाही; शिकून या आणि मग सेवा करा, असे म्हणाले. (१९१७ मध्ये ते ठरल्याप्रमाणे बडोद्याला परतले, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळेना आणि नोकरी सोडावी लागली. करार निष्फळ झाला तो शिकून आलेल्यामुळे नव्हे, हे नोंदवून ठेवलेले बरे.)

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला व्यावहारिक आहे: जवानाला शिकू दिले तर तो टिकणार नाही, आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च वाया जाईल. याचे उत्तर बडोद्याच्या करारातच आहे. बंधपत्र लिहून घेता येते, आणि अधिकाऱ्यांच्या अभ्यासरजेच्या बाबतीत सेवेची हमी घेण्याची पद्धत सरकारला नवी नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सैन्य ही विद्यापीठाची शाखा नाही, तिथे शिस्त आणि सज्जता यांना पहिले स्थान हवे, आणि परीक्षेच्या वेळापत्रकावर तुकड्या हलवता येत नाहीत, असे तो सांगतो. हे मला पूर्ण मान्य आहे. युद्धसज्जता आणि परीक्षा यांत परीक्षेनेच मागे सरले पाहिजे. पण परीक्षा मागे सरली म्हणजे विद्यार्थ्याचे वर्ष बुडालेच पाहिजे, हा नियम सैन्याचा नाही, आमच्या विद्यापीठांचा आहे. तो बदलायला संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.

अमेरिकेचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते, आणि ते अर्धवटच सांगितले जाते. रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केलेल्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शुल्क आणि निर्वाह भत्त्यासह शिक्षण दिले. १९४७ मध्ये तिथल्या महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. त्यामागे केवळ कृतज्ञता नव्हती. लाखो माणसे एकदम बेकार होऊन रस्त्यावर येतील ही भीती होती, आणि १९३२ मध्ये बोनससाठी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसलेल्या जुन्या सैनिकांची आठवण ताजी होती. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्या विद्वानांनी या योजनेने विद्यापीठे बिघडतील असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात हे प्रौढ विद्यार्थी इतरांपेक्षा गंभीरपणे शिकले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र या लाभाचा पुरेसा वाटा मिळाला नाही. म्हणजे योजना काढली की न्याय आपोआप होतो असेही नाही. आपण त्यातून घ्यायचे ते एवढेच, की सैनिकाचे शिक्षण हा खर्चाचा प्रश्न वाटत असला, तरी परतलेल्या तरुणांचे काय करायचे हा प्रश्न त्याहून महाग पडतो.

आणि तो प्रश्न आता आपल्या दारात येतो आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत १७॥ ते २१ वर्षांच्या मुलांना चार वर्षांसाठी घेतले जाते, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करण्याची तरतूद आहे. भूदलाची पहिली तुकडी प्रशिक्षणाला गेली ती २०२३ च्या सुरुवातीला, म्हणजे तिची चार वर्षे २०२७ च्या उंबरठ्यावर पुरी होतात. या मुलांना निवृत्तिवेतन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवानिधी म्हणून व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. त्यातली निम्मी रक्कम त्यांच्याच पगारातून दरमहा कापलेल्या ३० टक्क्यांची असते, आणि कोणी मध्येच स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडला तर सरकारचा निम्मा वाटा त्याला मिळत नाही. म्हणजे ‘पेन्शन बसू दे, मग शीक’ या जुन्या सल्ल्यातली पेन्शनच निघून गेली; सल्ला तेवढा गावात शिल्लक आहे.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने या मुलांसाठी काढलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या कौशल्यांचे धरले जातात, आणि दहावीवर आलेल्यांना बारावीच्या तोडीचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्थाही जाहीर झाली आहे. सेवेतल्या शिक्षणाचे मोल विद्यापीठाने मानावे, या दिशेचे हे पाऊल आहे आणि मी ते महत्त्वाचे मानतो. अग्निवीराला माझा सल्ला म्हणूनच जुन्या सल्ल्याच्या अगदी उलट असेल: पहिल्या वर्षीच नाव घाल, पंचवीस टक्क्यांत लागण्याची धडपड जरूर कर, पण चौथ्या वर्षी निकाल काय लागेल यावर अभ्यास टांगून ठेवू नकोस. तेविसाव्या वर्षी सेवानिधी आणि अर्धी पदवी घेऊन परतलेला मुलगा आणि नुसता सेवानिधी घेऊन परतलेला मुलगा यांच्यात फरक असेल. नुसत्या पैशाचे काय होते ते गावाने पाहिलेले आहे. त्याची एक चारचाकी होते, एक मजला चढतो, आणि उरलेले लग्नात जाते.

पण श्रेयांकांची ही सोय अग्निवीरापुरती का? ज्याने सतरा वर्षे काढली, त्या नायकाचे नकाशावाचन अग्निवीराच्या नकाशावाचनापेक्षा कमी प्रतीचे आहे काय? विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवणाऱ्या शैक्षणिक श्रेयांक कोशात (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) ते सात वर्षे वैध राहतात. नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका आणि तिसऱ्याला पदवी असे टप्पे केले. हे टप्पे जणू फौजीचेच आयुष्य समोर ठेवून आखले असावेत, इतके त्याला सोयीचे आहेत. राहते ते आमच्याकडचे काम: सेवेतल्या विद्यार्थ्याला चुकलेला पेपर वर्ष न गमावता पुढच्या कोणत्याही सत्रात देता यावा, तोही जवळच्या केंद्रावर, मग ते जम्मूत असो की जोरहाटला, आणि लष्करी प्रशिक्षणाचे दाखले प्रवेशाच्या वेळी मराठी शाळेच्या दाखल्याइतक्याच सहजपणे स्वीकारले जावेत. संरक्षण मंत्रालयाकडे मागायचे ते एकच: आठ-दहा वर्षे सेवा झालेल्या, निवडलेल्या जवानांना एका वर्षाची अभ्यासरजा, पगारासह आणि ज्येष्ठता न मोडता. पदवीचे शेवटचे वर्ष त्या रजेत बसते. मोबदल्यात सेवेची हमी घ्यावी. बडोद्याच्या करारात ती दहा वर्षांची होती. जवानाकडून तीन वर्षांची घेतली, तरी तोवर त्याची पेन्शनही जवळ आलेली असेल.